दुभती गाडी

नात्यानं मी त्याची अकडसासू. बायकोची थोरली बहीण ती अकडसासू. हा शब्द ज्यानं कुणी काढला त्यानं माझ्याकडे बघूनच काढला असणार, असं आमचा वेल्डर म्हणतो. असेल बाबा. अकड माझ्यात आहेच, नाही कोण म्हणतं? ती नसती तर या धंद्यातल्या पुरुषांनी मला केव्हाच कच्चं खाल्लं असतं.

धंदा माझा डिझेल गाड्यांचे फिल्टर साफ करण्याचा. डिझेलच्या धुरात काजळी असते. ती बाहेर पडायच्या आधी सायलेन्सरच्या वाटेवर एका जाड डब्यात अडवतात, तो फिल्टर. डबा भरत आला की इंजिन थोडं जास्तीचं डिझेल टाकून तो तापवतं आणि आतली काजळी जाळून टाकतं. जे जळत नाही ते साचत जातं, आणि मग गाडी माझ्या दारात येते. मी फिल्टर उतरवते, भट्टीत भाजते, उलट्या बाजूनं हवा मारते, धुते, वाळवते, परत चढवते. संध्याकाळी माझे हात कोपरापर्यंत काळे असतात. कितीही घासा, नखातलं जात नाही.

म्हणून त्यानं माझं नाव ठेवलं काजळीबाई.

तो म्हणजे माझ्या धाकटीचा नवरा. बाजारात त्याला मॅपवाला म्हणतात. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, धाकटीचा नवरा पडला. मनात काय म्हणते ते इथे सांगण्यासारखं नाही. हा गृहस्थ शिकला कुठं? माझ्या दुकानात, माझ्या भट्टीशेजारी उभा राहून. धाकटीशी ओळख कुठं झाली? तिथंच, ती माझा डबा घेऊन यायची तेव्हा. लग्नाची बोलणी कुणी केली? मीच, आणखी कोण! आणि लग्नाची हळद उतरते न उतरते तोच यानं रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या दारासमोर, काचेच्या दरवाजाचं दुकान टाकलं. आत सोफा, थंड हवा आणि एक लॅपटॉप. हाताला ग्रीस म्हणून लागत नाही.

तो करतो काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनाला कुठल्या वेळी किती डिझेल द्यायचं याचा सगळा हिशेब गाडीतल्या छोट्या कंप्यूटरात भरलेला असतो. त्याला मॅप म्हणतात. हा लॅपटॉपची वायर जोडतो, तो हिशेब बदलतो, डिझेल वाढवतो, गाडी उड्या मारत पळते. गिऱ्हाईक खूश. आता जास्त डिझेल म्हणजे जास्त काजळी, आणि जास्त काजळी म्हणजे फिल्टर लवकर तुंबणार. त्यावर याच्याकडे तोड अशी, की फिल्टरच काढून टाकायचा, त्याच्या जागी सरळ पाइप बसवायचा, आणि गाडीला लॅपटॉपमधून सांगायचं की फिल्टर आहे, ठणठणीत आहे, तू काळजी करू नकोस. गाडी बिचारी, जो सांगेल त्याचं ऐकते.

पार्सल पोचवणाऱ्या व्हॅनचा एक मोठा मालक होता. त्याच्या सगळ्या व्हॅन माझ्याकडे यायच्या. माझं दुकान त्यांच्यावरच उभं होतं, बाकीची गिऱ्हाइकं म्हणजे वरचं मीठ. एक दिवस मॅपवाला त्या मालकाच्या आवारात गेला. मीही होते तिथं, एका व्हॅनखाली आडवी. सगळ्या ड्रायव्हरांसमोर हा मालकाला म्हणतो, "साहेब, काजळीबाईकडे गाड्या पाठवून तुमच्या पदरात काय पडतं? काजळीच ना?"

हशा पिकला. मी व्हॅनखालून बाहेर आले ती तशीच, तोंडाला काळं फासलेलं, त्यामुळे आणखी हसले. धाकटी त्याच्याबरोबर आली होती. तीही हसली. ओठ दाबून, पण हसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करते काय? व्हॅन त्याच्याकडे गेल्या. नाव मात्र राहिलं. टायरवाला काजळीबाई म्हणायला लागला, स्पेअर पार्टवाला म्हणायला लागला, एकदा तर पोस्टमननं दारातून हाक मारली. माझ्या दोन भट्ट्यांपैकी एक गार पडली. वेल्डर अर्ध्या दिवसावर आला. भाडं थकलं, दुकानाचा मालक दिसला की मी दुसऱ्या गल्लीत वळायची. आणि समोरच्या काचेमागे मॅपवाला सोफ्यावर पाय पसरून बसलेला दिसायचा, मला बघून हात हलवायचा. मी दात ओठ खात एकच गोष्ट घोकत बसायची. याची जिरली पाहिजे. त्याच आवारात, त्याच मालकासमोर, त्याच ड्रायव्हरांच्या देखत. व्हॅन परत आल्या पाहिजेत आणि यानं नाक घासलं पाहिजे. दोन्ही पाहिजे. एकावर माझं भागणार नव्हतं.

तसं होणार कसं, ते मात्र सुचत नव्हतं. सुचवलं त्यानंच, आपल्या तोंडानं.

छोटीचा वाढदिवस होता. छोटी म्हणजे धाकटीची मुलगी, अजून बोबडं बोलणारी. तिच्यासाठी मी जाते त्यांच्या घरी, नाहीतर पायरी चढले नसते. जेवणं झाली होती, सगळे तिथंच रेंगाळलो होतो. मॅपवाला आपली टिमकी वाजवत होता. लॅपटॉप समोर नसला की त्याला तोंड आवरत नाही.

"ताई, तुम्हाला एक गंमत सांगू? लोकांच्या गाड्या ऑइल पितात. माझी ऑइल देते!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय, ऑइल बदललं तेव्हा मोजायच्या काडीवर खुणेइतकं होतं. काल बघितलं तर खुणेच्या वर! मी वरून एक थेंब घातलेला नाही. माझ्या मॅपवर इंजिन इतकं मऊ चालतं की ऑइल जळायचं सोडाच, वाढतंय. दुभती गाडी आहे हो माझी, दुभती!"

धाकटी हसली, छोटी काही न कळून टाळ्या वाजवायला लागली. मी पाण्याचा पेला उचललेला तसाच धरून राहिले.

अहो, ऑइल वाढत नसतं. जगातल्या कुठल्याही इंजिनात ऑइल वाढत नाही. वाढतं ते डिझेल. याची गाडी दुकानाची जाहिरात होती. मॅप बदललेला, पण फिल्टर जागेवर ठेवलेला, कारण गिऱ्हाइकाला दाखवायचं असायचं की बघा, ताकद पण आहे आणि धूर पण नाही. सायलेन्सरच्या तोंडाला पांढरा रुमाल धरायचा आणि तो कोरा काढून दाखवायचा, हा त्याचा खेळ. पण काजळी तर वाढलेलीच ना! फिल्टर सारखा भरणार, इंजिन तो जाळायला सारखं जास्तीचं डिझेल टाकणार, आणि ते जळून पुरं व्हायच्या आत गाडी घरी पोचणार, कारण धाकटीच्या फेऱ्या जवळजवळच्या. अर्धवट राहिलेलं ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये जाणार. गाडीनं आरडाओरडा करून सांगितलं असतं, पण धोक्याचा दिवाच यानं लॅपटॉपमधून विझवून टाकला होता. गिऱ्हाइकासमोर लागायचा ना!

त्याला मी पहिल्या दिवशी जे शिकवलं होतं ते हेच. ऑइलची काडी नुसती बघायची नसते, हुंगायची असते. काचेच्या दुकानात गेल्यापासून हा हुंगायचं विसरला.

छोटीची बाहुली गाडीत राहिली असेल, बघून येते, असं म्हणून मी किल्ली घेऊन खाली गेले. बॉनेट उघडलं, काडी काढली, नाकाशी धरली. डिझेल! नुसतं डिझेल. खुणेच्या वर चांगली दोन बोटं. मी काडी पुसली, परत घातली, बॉनेट हलक्या हातानं लावलं. खोटं कशाला बोलू, जिना चढताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

असं पातळ झालेलं ऑइल वाढत वाढत गेलं की एक दिवस इंजिन ते हवेच्या नळीतून स्वतःच ओढून घेतं. मग त्याला टाकीतलं डिझेल लागत नाही. स्वतःचंच ऑइल पिऊन ते पिसाळतं. किल्ली काढा, काही करा, ऐकत नाही. आतलं ऑइल संपेपर्यंत नाहीतर फुटेपर्यंत थांबायचं नाव नाही. बंद करताना हवा अडवणारी एक झडप असते, ती वाचवते कधी कधी. पण ती इंजिनाचा दम कोंडते म्हणून यानं तीही कायमची उघडी करून ठेवली होती, आणि तेही चारचौघांत सांगत फिरायचा. मी असं पिसाळलेलं इंजिन माझ्या उमेदवारीत एकदा पाहिलं होतं. त्याचा तुकडा पत्र्याच्या छतातून वर गेला होता.

वर आले तर तो विचारतो, "ताई, तसं ऑइल बदलायला झालंय. बदलू का? तुम्ही जुन्या जाणकार."

"कशाला?" मी म्हटलं. "देतेय तर देऊ द्या की."

"बघ!" तो धाकटीला म्हणाला. "ताईसुद्धा म्हणतात."

त्यानंतर मी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा धंदाच लावला. रस्ता ओलांडून जायची, विचारायची, काय जावईबापू, दुभती काय म्हणते? तो खुलायचा. सांगायचा, आणखी वाढलं. मी म्हणायची, वा वा, नशीबवान आहात! घरी येऊन उशीत तोंड घालून हसायची. कितीतरी महिन्यांनी मला झोप लागायला लागली होती.

एकदा वेल्डरला सांगितलं. त्यानं हातातली कांडी खाली ठेवली.

"बाई, धाकटी पण त्याच गाडीनं जाते ना?"

"इंजिन मरेल. माणसं नाही मरत."

"पाप लागेल हो."

"लागू दे. एवढ्या काजळीत दिसणार नाही. तू आपलं वेल्डिंग कर."

आणि एकदा धाकटीचाच फोन आला. म्हणाली, "ताई, गाडीला कसला तरी वास येतो गं. आणि मध्येच आपली आपण पुढे ओढते. त्याला सांगितलं तर तो म्हणतो, मॅपची ताकद आहे. तू एकदा बघतेस का?"

तिचं ते ओठ दाबून हसणं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"तुझा नवरा एवढा मोठा मॅपवाला," मी म्हटलं, "काजळीबाईला काय कळतंय त्यातलं? त्यालाच विचार."

तिनं फोन ठेवला.

इकडे व्हॅनच्या मालकाच्या नाकी नऊ आले होते. सरळ पाइपवाल्या व्हॅन काळा धूर ओकत गावभर फिरत होत्या. तपासणीवाल्यांनी एकेक करून त्या रस्त्यातच अडवल्या, काही तर जागच्या जागी बंद केल्या. पार्सलं पडून राहिली. मालकानं आम्हा दोघांनाही आवारात बोलावलं. म्हणाला, तुम्ही दोघं समोरासमोर या आणि काय तो सोक्षमोक्ष लावा.

मी आधी पोचले. ड्रायव्हर सगळे कडेला उभे होते, तेच सगळे. मग ती पांढरी गाडी आवारात शिरली. धाकटी चालवत होती, मॅपवाला शेजारी, छोटी मागे तिच्या खुर्चीत बांधलेली. छोटीला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, जाता जाता हे काम उरकू, म्हणून तिघंही आले होते. गाडी थांबली तेव्हा मी तिचा आवाज ऐकला. ओला, जड आवाज. आज ना उद्या नव्हे, आजच.

बोलता आलं असतं. जीभ टाळ्याला चिकटली नव्हती माझी. पण मालक समोर उभा, ड्रायव्हर समोर उभे, जागा तीच. अशी वेळ परत थोडीच आली असती? मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

मालकानं तोंड उघडलं तसा मॅपवाला म्हणाला, "साहेब, दोष मॅपचा नाही. तुमच्या व्हॅन जुन्या आहेत, एवढंच. ही माझी गाडी बघा. माझ्याच हातचा मॅप आहे. आता धूर दाखवा कुठे आहे तो!"

त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला, घडी मोडली, मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवा बसला. ओरडला, "दाब!"

धाकटीनं पाय दाबला. रुमाल कोरा निघाला. तो त्यानं वर धरून चहूकडे फिरवला, ड्रायव्हर माना डोलवायला लागले. आज नाही होणार. हा परत जिंकणार. तेवढ्यात तो मस्तीत आला आणि म्हणाला, "अजून दाब! पार तळापर्यंत!"

तिनं दाबला. इंजिन वर गेलं. मग तिनं पाय काढला. मला समोरच्या काचेतून तिचा गुडघा वर आलेला दिसला. पण इंजिन खाली आलं नाही. आवाज चढत गेला, आणखी चढला, मागून पांढरा धूर निघाला, असा दाट की मॅपवाला त्यात दिसेनासा झाला. ड्रायव्हर मागे सरकले. मालक तर पार गोदामाच्या दारात. मॅपवाला खोकत धुरातून बाहेर आला, खिडकीतून आत वाकला, किल्ली फिरवून काढून घेतली. आवाज तसाच. तो किल्ली हातात धरून उभा, कधी किल्लीकडे बघतो कधी गाडीकडे. पाचावर धारण बसली होती त्याची. त्याला तसा बघून मला जे सुख झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आला तो क्षण, मी मनात म्हणत होते, आला, आला!

मग छोटी दिसली. आवाजात तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड उघडं दिसत होतं.

मी कशी पोचले मला आठवत नाही. शेजारचा दरवाजा उघडून आत बसले. धाकटी स्टिअरिंग गच्च धरून बसली होती. मी तिच्या कानाला तोंड लावून ओरडले, "क्लच! क्लच दाब!" तिनं दाबला. मी दांडा खेचून सगळ्यात वरच्या गिअरमध्ये घातला, हँडब्रेक ओढला. "आता ब्रेकवर उभी राहा. उभी राहा, बसू नकोस! आता सोड क्लच. सोड!" तिनं एकदम सोडला. गाडीनं असा हिसका दिला की माझं डोकं समोर आपटलं, काहीतरी करपल्याचा वास आला, आणि इंजिन गचकून बंद पडलं.

एवढी शांतता झाली की छोटीचं रडणं रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

मी बाहेर आले. आणि मग जे झालं ते मी इतके दिवस घोकलं होतं त्याहून जास्त झालं. मॅपवाला माझ्यासमोर आला, सगळ्यांच्या देखत हात जोडले. "ताई," म्हणाला, "तुम्ही नसता तर..." मग मालकाकडे वळून म्हणाला, "साहेब, चूक माझी. व्हॅनना फिल्टर परत लावून घ्या. ताईंकडेच द्या काम. माझ्याहून जास्त त्यांना कळतं, मी त्यांच्याकडेच शिकलोय." ड्रायव्हर मान खाली घालून ऐकत होते. मालकानं तिथल्या तिथं सगळ्या व्हॅनचं काम मला दिलं.

एवढं सगळं पदरात पडलं आणि मी धाकटीकडे वळले. ती छोटीला खांद्यावर घेऊन थोपटत उभी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ती मागे सरली.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल इतक्या, "मला काचेतून तू दिसत होतीस. गाडी ओरडत होती तेव्हा तू हसत होतीस."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"हसत होतीस तू."

ती छोटीला घेऊन आवाराच्या फाटकातून बाहेर पडली, चालतच. दातांच्या डॉक्टरकडे गेली की घरी, मला माहीत नाही. नवऱ्याकडेही तिनं वळून बघितलं नाही.

आता माझ्या दोन्ही भट्ट्या पेटलेल्या असतात. दारात व्हॅनची रांग असते. वेल्डर पूर्ण दिवस येतो आणि कुरकुरतो की काम फार झालं. मॅपवाला सरळ पाइप कापून काढतो, मी त्याच्या मागोमाग फिल्टर चढवते. आवाराच्या भिंतीशी आम्ही दोघं शेजारी शेजारी आडवे पडलेले असतो, आणि तो दर दोन मिनिटांनी ताई हे कसं, ताई ते कसं, असं विचारत असतो. काडी काढली की आधी हुंगतो. कुणी नवा ड्रायव्हर मला काजळीबाई म्हणाला तर त्याच्या अंगावर धावून जातो. अहो, मला अगदी कसंतरी होतं.

धाकटी फोन उचलत नाही. घरी गेले तर दार उघडलं नाही. आतून छोटीचा आवाज येत होता.

परवा तो स्वतःच्या गाडीचा फिल्टर खांद्यावर घेऊन दुकानात आला. गाडीचं इंजिन त्यानं पूर्ण खोललं होतं, त्यातून हा डबा निघालेला. असा तुंबलेला की दिव्यासमोर धरला तर उजेडाचा कवडसा पलीकडे दिसेना. मी तो भट्टीत सरकवला. वेल्डरनं चहा दिला. मॅपवाला उलट्या ड्रमवर बसून कपाशी चाळा करत राहिला.

"धाकटी कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे." मग म्हणाला, "ताई, रागावू नका. ती घाबरलीय फार, त्यामुळे भलतंच काहीतरी डोक्यात घेऊन बसलीय. म्हणते, ताईला आधीपासून माहीत होतं. मी तिला म्हटलं, वेडी का खुळी तू? ताई तोंडानं फाटक्या असतील, पण मनानं अशा नाहीत. नशीब म्हणून त्या तिथं होत्या, नशीब म्हणून आपण वाचलो. भांडण झालं आमचं यावरून. दोन दिवस बोलत नाहीये."

नशीब! मला हसावं की रडावं कळेना. एवढे महिने मी ज्या सुडावर जगले, ज्याच्यासाठी झोप सोडली आणि ज्याच्यामुळे परत झोपले, तो हा माणूस नशीब म्हणून माझ्या ओंजळीत घालत होता. मनानं अशा नाहीत म्हणे! माझ्याबद्दल चांगलं बोलायचा अधिकार याला कुणी दिला? मला ते सहन होईना.

"ती बरोबर बोलतेय," मी म्हटलं.

तो हसला. "ताई, तुम्ही पण ना!"

"छोटीच्या वाढदिवसाला तुम्ही दुभती गाडी म्हणालात तेव्हाच मला कळलं. मी खाली जाऊन काडी हुंगून आले. वर आले तेव्हा तुम्ही विचारलंत, ऑइल बदलू का. मी काय म्हटलं? देतेय तर देऊ द्या. मुद्दाम म्हटलं. तुम्ही मला त्या सगळ्यांसमोर काजळीबाई म्हणालात ना? मला तुम्हाला त्याच सगळ्यांसमोर किल्ली हातात धरून उभं राहिलेलं बघायचं होतं. बघितलं. पोटभर बघितलं."

हे मी चवीनं बोलले. एकेक शब्द त्याच्या तोंडावर बसताना बघत बोलले. वेल्डर मागच्या मागे बाहेर निघून गेला. मॅपवाल्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. मला वाटलं, आता हा उसळेल, शिव्या देईल. माझ्याही तोंडात चार तयार होत्या.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"पण ताई," तो म्हणाला, "ती गाडी मी कुठे चालवायचो? माझं दुकान घरापासून चालत येण्याइतकं. गाडी रोज तीच न्यायची. छोटीला पाळणाघरात सोडायला."

भट्टी घरघरत होती. मी तिच्या तापमानाचा आकडा बघितला, उगाच.

"हे तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं."